पाणी साठवणाऱ्या बांधकामांची हादऱ्यांखालील चाचणी: टाकी आणि मातीच्या धरणाबद्दल सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळशी तालुक्यातील एका पाणीयोजनेत खांबांवर उभी राहणारी, सुमारे तीन लाख लिटरची काँक्रीटची गोल टाकी आणि नाल्यावरचे १४ मीटर उंचीचे मातीचे धरण अशी दोन कामे आपल्याकडे आहेत. संकल्पचित्रे तयार आहेत, संगणकावरचे विश्लेषणही झाले आहे; पण तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी ‘शेक टेबलवर चाचणी घेऊन संकल्पन भूकंपात स्थिर असल्याचे दाखवावे’ असा शेरा दिला आहे. शेक टेबल म्हणजे भूकंपासारखे हादरे देणारे यांत्रिक पीठ. कोणती चाचणी घ्यावी, प्रतिकृती किती लहान चालेल, कोणता भूकंप लावावा आणि निकाल समाधानकारक आहे असे केव्हा म्हणावे, हे आपण विचारले आहे.

आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. टाकीसाठी शेक टेबल उपयोगाचे आहे, पण केवळ पाण्याचे वागणे तपासण्यापुरते. टाकीखालच्या खांब-तुळयांच्या सांध्यांची परीक्षा त्याच लहान प्रतिकृतीत होत नाही, त्यासाठी वेगळी, मोठ्या मापाची चाचणी लागते. मातीच्या धरणाची लहान प्रतिकृती साध्या शेक टेबलवर हलवून मिळालेला निकाल मी स्वतः स्वीकारणार नाही. तो खर्च पायातील मातीच्या तपासणीवर करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चाचणी कोणती घ्यायची हे ठरवण्यापूर्वी हे बांधकाम कोणकोणत्या रीतीने मोडू शकते ते कागदावर लिहून काढावे लागते, आणि प्रत्येक रीतीसाठी वेगळी चाचणी निवडावी लागते. ‘संकल्पन स्थिर आहे’ असे एकच विधान करणारी एकच चाचणी अस्तित्वात नाही.

पुण्यात काम करणाऱ्या माणसाला हे समजावण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोयना इथून सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटरवर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे जो भूकंप झाला, त्यात सुमारे १८० माणसे गेली आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने गुरुत्वप्रवेगाच्या ०.६३ पट प्रवेग धरणाच्या लांबीच्या दिशेने, ०.४९ पट नदीच्या दिशेने आणि ०.३४ पट उभ्या दिशेने नोंदवला. धरणाचे संकल्पन मात्र ०.०५ पट प्रवेगाच्या स्थिर बलावर झाले होते, आणि ते बल तळापासून माथ्यापर्यंत एकसारखे धरले होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ते योग्य होते, आणि त्या गणितात धरणात कुठेही चिंताजनक ताण दिसत नव्हता.

तडे कुठे गेले हे इथे सर्वांत महत्त्वाचे आहे. ते पायाशी गेले नाहीत. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे अधोबाजूचा (पाण्याच्या विरुद्ध, नदीच्या खालच्या बाजूचा) उतार एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास दोन्ही बाजूंना ते दिसले. एकसारख्या बलाच्या गणितात धरण हलताना त्याचा वरचा भाग तळापेक्षा कितीतरी अधिक हलतो ही गोष्ट येतच नाही. पुढे १९७३ मध्ये अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने गतिक विश्लेषण करून दाखवले की, नोंदवलेल्या हादऱ्यात त्याच वरच्या भागात काँक्रीटच्या ताणक्षमतेपेक्षा मोठे ताण येतात. धरण फुटले नाही, ही त्या बांधकामाची मोठी जमेची बाजू. नंतर अधोबाजूला टेकू देणारे काँक्रीटचे आधार बांधून ते मजबूत करण्यात आले. आपल्या भारतीय मानकातही पुढे गुरुत्व धरणासाठीचा (स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या धरणासाठीचा) भूकंप गुणांक माथ्याशी दीडपट आणि तळाशी शून्य असा उंचीनुसार बदलता धरण्याची पद्धत आली. कोयनेच्या आधी कोणी त्या धरणाच्या पायाची घसरण तपासणारी कितीही काटेकोर चाचणी घेतली असती तरी ती समाधानकारकच आली असती, कारण मोडण्याची खरी जागा दुसरीकडेच होती.

आता आपल्या टाकीकडे येऊ. आपण पाठवलेल्या मापांप्रमाणे आतला व्यास १० मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर आहे, म्हणजे साधारण ३१४ घनमीटर पाणी. हे पाणी भूकंपात एकजिनसी वजनासारखे वागत नाही. तळाकडचे पाणी भिंतीबरोबर, जणू तिला चिकटल्यासारखे हलते. वरचे पाणी मागे राहते आणि आपल्या स्वतंत्र लयीत हेलकावे घेते. अमेरिकी अभियंते जॉर्ज हाउसनर यांनी मांडलेली ही दोन वस्तुमानांची पद्धत आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१४ च्या दुसऱ्या भागात आहे. त्याआधीच्या १९८४ च्या मानकात उंच टाकीसाठी सगळे पाणी एकाच वस्तुमानात धरत असत. आपल्या मापांना सूत्रे लावली तर भिंतीबरोबर हलणारे पाणी सुमारे ४५ टक्के आणि हेलकावणारे सुमारे ५२ टक्के येते. हेलकाव्याचा आवर्तनकाल, म्हणजे एक पूर्ण हेलकावा घ्यायला लागणारा वेळ, ३.५ सेकंद येतो. टाकी अर्धी भरली, म्हणजे खोली दोनच मीटर राहिली, तर आतल्या पाण्यापैकी ७२ टक्के हेलकावते आणि काल ४.२ सेकंदांपर्यंत जातो. डोक्यावर अर्धी कळशी नेणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून चाचणी पूर्ण भरलेल्या, अर्ध्या भरलेल्या आणि रिकाम्या अशा तिन्ही अवस्थांत घ्यावी, केवळ पूर्ण भरलेल्या नव्हे.

या ३.५ सेकंदांवरच पुढचा सगळा विचार उभा आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. आपले मातीचे धरण १४ मीटर उंच आहे. त्यातील भरावात कर्तन लहरींचा (मातीला आडवे हलवणाऱ्या कंपनलहरींचा) वेग सेकंदाला २५० मीटरच्या आसपास धरला तर त्याचा मूळ आवर्तनकाल ०.१५ सेकंद येतो. कोयनेसारख्या शंभर मीटरच्या काँक्रीट धरणाचा काल साधारण ०.३३ सेकंद असतो. टाकीचे स्टेजिंग (तिला पेलणारी खांब-तुळयांची चौकट) पाण्यासह एका सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी कालात हलते, आणि वरचे पाणी ३.५ सेकंदांत. कोयनेचा भूकंप जवळचा, कठीण कातळावर नोंदवलेला, जलद कंपनांनी भरलेला आणि थोडक्या वेळात संपलेला होता. अशी नोंद शेक टेबलवर लावली तर लहान मातीचे धरण आणि काँक्रीटचे धरण दोन्ही जोरात हलतात, पण टाकीतले पाणी जवळजवळ स्वस्थ राहते. याउलट दूरचा मोठा भूकंप वेगवान कंपने वाटेत गमावून बसतो आणि संथ कंपने शिल्लक ठेवतो. ती पाण्याला झोके देतात. २६ सप्टेंबर २००३ रोजी जपानच्या होक्काइदो बेटाजवळ झालेल्या मोठ्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या तोमाकोमाई येथील तेलटाक्यांमध्ये हेलकावे इतके वाढले की त्यांतून आगी लागल्या. तात्पर्य असे की, आपण एकाच भूकंपाची नोंद निवडून दोन्ही बांधकामांना लावली, तर एकाची परीक्षा होईल आणि दुसरे परीक्षेविनाच उत्तीर्ण ठरेल. टाकीसाठी किमान दोन प्रकारच्या नोंदी हव्यात, एक जवळच्या भूकंपाची आणि एक दूरच्या मोठ्या भूकंपाची, आणि दोन्ही आपल्या जागेच्या प्रतिसाद वर्णपटाशी (कोणत्या आवर्तनकालाचे बांधकाम किती हलेल हे दाखवणाऱ्या आलेखाशी) जुळवलेल्या.

इथेच एक दोष नेहमी शिरतो आणि अहवालात तो कुठेच दिसत नाही. शेक टेबलच्या पीठाला ठरावीक अंतरच सरकता येते. संथ कंपनांत सरकण्याचे अंतर मोठे असते, म्हणून यंत्र चालवणारे नोंदीतून संथ भाग गाळून टाकतात. समजा, प्रत्यक्ष मापात अर्ध्या हर्ट्झखालचे सर्व काही गाळले. आपल्या पाण्याची वारंवारता ०.२९ हर्ट्झ आहे. म्हणजे जे पाणी हलवायचे, त्याला हलवणारा भागच नोंदीतून गेला. मग पाणी शांत राहिले आणि ‘हेलकावा अत्यल्प’ असा निष्कर्ष आला, तर त्याला काहीही अर्थ नाही. प्रयोगशाळेशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारावा: नोंद कोणत्या वारंवारतेखाली गाळणार आहात? आणि दुसरी मागणी अशी करावी की, आज्ञा म्हणून दिलेल्या नोंदीऐवजी पीठावर प्रत्यक्ष मोजलेला प्रवेग अहवालात द्यावा, त्याचा प्रतिसाद वर्णपट काढावा आणि गणिताची तुलना त्याच्याशी करावी. जड प्रतिकृती पीठालाही ढकलते, आणि मागितलेले व मिळालेले हादरे क्वचितच एकसारखे असतात.

प्रतिकृतीच्या मापाचा नियम सोपा आहे, पण तो काटेकोरपणे पाळावा लागतो. हेलकाव्याला परत खेचणारे बल गुरुत्वाचे असते, आणि गुरुत्व प्रतिकृतीतही तेच राहते. त्यामुळे प्रवेग जसाच्या तसा ठेवावा आणि काळ मापाच्या वर्गमुळाने लहान करावा. एकास दहा मापाची टाकी केली तर व्यास एक मीटर, पाण्याची खोली ४० सेंटीमीटर आणि पाणी सुमारे ३१४ लिटर. काळ ३.१६ पटीने लहान होतो, म्हणून हेलकाव्याचा आवर्तनकाल १.१ सेकंद यायला हवा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चाचणीची पहिली खातरजमा इथेच होते: पीठ हलकेच हलवून थांबवावे, पाण्याच्या पृष्ठभागाचे हेलकावे मोजावेत, आणि काल १.१ सेकंदाच्या जवळ आला नाही तर पुढे जाऊच नये. त्याच मापनातून हेलकावा किती हळू शमतो तेही कळते. मानकात पाण्याच्या हेलकाव्याचे अवमंदन (हालचाल शमण्याचे प्रमाण) अवघे अर्धा टक्का धरले आहे, काँक्रीटच्या ५ टक्क्यांच्या तुलनेत नगण्य. जमीन थांबल्यावरही पाणी बराच वेळ झोके घेत राहते ते यामुळे. म्हणून नोंद संपताच मापन बंद करू नये.

एक मीटरपेक्षा फार लहान टाकी करू नये, असे माझे मत आहे. लहान भांड्यात पृष्ठताण आणि चिकटपणा यांचा वाटा वाढतो, हेलकावा लवकर शमतो आणि निकाल खऱ्यापेक्षा सौम्य येतो. पृष्ठभाग मोजणारी साधने हादऱ्याच्या दिशेला तर लावावीच, शिवाय काटकोनातही लावावीत. गोल टाकीत अनुनादाजवळ, म्हणजे हादऱ्याची लय पाण्याच्या लयीशी जुळत आली की, एकाच रेषेतल्या हादऱ्यानेसुद्धा लाट फिरू लागते आणि कडेने चक्राकार धावते; साधने एकाच रेषेत असतील तर उंची कमी झाल्याचा भास होतो. मुळशीचा भाग २०१६ च्या नकाशाप्रमाणे तिसऱ्या भूकंप क्षेत्रात येतो. मध्यम प्रतीची जमीन आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीचा महत्त्व गुणांक (महत्त्वाच्या बांधकामासाठी भूकंपबल वाढवून धरण्याचा आकडा) १.५ धरला तर संकल्पनाच्या भूकंपासाठी लाटेची उंची सुमारे ४० सेंटीमीटर येते, कातळावर ३० सेंटीमीटर. प्रतिकृतीत ती चार किंवा तीन सेंटीमीटर दिसायला हवी. आपल्या संकल्पचित्रात पूर्ण पातळीच्या वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवलेली आहे. जमीन मध्यम असेल तर ती अपुरी आहे, आणि छताच्या काँक्रीटवर खालून पाण्याचा आघात येईल. हे दुरुस्त करायला शेक टेबलची वाट पाहण्याची गरज नाही. मोकळी जागा आताच वाढवावी.

आता खांब आणि तुळया. एकास दहा मापात २० मिलिमीटरची सळई दोन मिलिमीटरची तार होते, रिंगा केसासारख्या होतात, आणि काँक्रीट व लोखंड यांची पकड, सळई वाकणे, आवरण निखळणे यांपैकी काहीही खऱ्यासारखे होत नाही. त्यामुळे लहान प्रतिकृतीचे स्टेजिंग मोडले किंवा टिकले, यावरून खऱ्या स्टेजिंगबद्दल काही ठरवता येत नाही. तिथे स्टेजिंग केवळ योग्य ताठरपणाचे स्प्रिंग म्हणून असावे. सांध्यासाठी अर्ध्या मापाचा किंवा शक्य असल्यास पूर्ण मापाचा एक खांब-तुळई सांधा बांधून जॅकने त्याला सावकाश, वाढत्या अंतराने पुढे-मागे ढकलावे. ही चाचणी दिसायला शेक टेबलइतकी आकर्षक नसते, पण सळयांच्या रचनेबद्दलच्या आयएस १३९२० या मानकाप्रमाणे रिंगांची टोके खरोखर १३५ अंशांत वळवली आहेत का आणि ती वळवल्यावर सांधा किती फेऱ्या टिकतो, याचे खरे उत्तर तीच देते. दोन चाचण्यांतून मिळालेली माहिती मग संगणकीय प्रतिमानात एकत्र आणावी.

आपल्याकडे खांबांऐवजी पोकळ काँक्रीटच्या नळ्यावर टाकी बसवण्याचा पर्यायही विचारात होता, असे आपण लिहिले आहे. तो सोडला हे चांगले झाले. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अशा नळ्यांवरच्या टाक्यांना तळाजवळ गोलाकार आडवे तडे गेले, आणि तेही केंद्रापासून सव्वाशे किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर. पातळ नळ्यात एका ठिकाणी तडा गेला की भार दुसरीकडे वळवायला काही उरत नाही. चौकटीत एक सांधा दुबळा झाला तरी बाकीचे काही काळ सावरतात.

टाकीच्या संदर्भात शेवटची गोष्ट पाइपांची. टाकी उभी राहिली आणि तिला जोडलेला उभा पाइप तुटला, तर भूकंपानंतरच्या दिवशी गावाला पाणी नसते. स्टेजिंगच्या माथ्याचे गणितातून आलेले विस्थापन पाइपच्या लवचीक जोडाला पेलता येते का, हे त्या जोडाचा नमुना वाकवून कार्यशाळेतही तपासता येते. शेरा देणाऱ्यांनी हे मागितलेले नाही, पण तपासावे.

मातीच्या धरणाबद्दल माझी भूमिका वेगळी का आहे ते सांगतो. मातीची ताकद तिच्यावर किती दाब आहे यावर ठरते. चौदा मीटर भरावाच्या तळाशी जो दाब असतो, तो पाऊण मीटरच्या प्रतिकृतीत सुमारे १९ पटींनी कमी असतो, आणि त्या कमी दाबाखाली सैल वाळूसुद्धा घट्ट वाळूसारखी फुगून ताकद दाखवते. म्हणजे जी वाळू खऱ्या धरणाखाली हादऱ्यांनी द्रवरूप होईल, ती शेक टेबलवरच्या पेटीत टिकून राहू शकते. यावर उपाय आहे तो अपकेंद्री यंत्राचा: एकास पन्नास मापाची प्रतिकृती पन्नासपट गुरुत्वाखाली फिरवली की दाब खऱ्याइतका होतो. पण तिथे मातीच्या रंध्रातील पाण्याचा दाब ओसरण्याचा वेग आणि हादऱ्याचा वेग यांचे माप वेगवेगळे पडते, म्हणून साध्या पाण्याऐवजी तितक्याच पटीने अधिक चिकट द्रव वापरावा लागतो. मोठ्या धरणांच्या संशोधनासाठी हे योग्य आहे. १४ मीटरच्या धरणासाठी त्यावर खर्च करण्यापेक्षा पायाकडे पाहणे अधिक हिताचे आहे, आणि त्याचे कारण भुजच्याच अनुभवात आहे.

कच्छमध्ये चांग, टप्पर, फतेहगढ, कासवती, सुवी, रुद्रमाता ही मातीची धरणे २००१ मध्ये कमी-अधिक प्रमाणात खचली आणि फाटली. अनेक ठिकाणी मुख्य कारण भरावात नव्हते. पाण्याकडच्या बाजूच्या भरावाखाली राहिलेला सैल, पाण्याने भरलेला गाळ द्रवरूप झाला आणि वरचा भराव त्यावरून सरकला. त्या वर्षी दुष्काळामुळे जलाशयांत पाणी फार कमी होते, म्हणूनच खाली पूर आला नाही. याआधी ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील लोअर सॅन फर्नांडो धरणाची पाण्याकडची बाजू अशीच घसरली. माथाही त्यात गेला, आणि पाणी व उरलेला भराव यांच्यात जेमतेम दीड मीटर अंतर राहिले. सुमारे ८०,००० लोकांना घरे सोडावी लागली. त्या धरणाचे स्थिर बलाच्या पद्धतीने आधी गणित झालेले होते, ०.१५ गुणांकावर सुरक्षितता गुणक (घसरण रोखणारे बल घसरवणाऱ्या बलाच्या किती पट आहे तो आकडा) १.३ येत होता. आपल्या अहवालातही हाच गुणक १.३ च्या जवळ आहे, आणि त्यावरूनच धरण सुरक्षित असल्याचे लिहिले आहे. हा आकडा चुकीचा नाही. पण माती हादऱ्यात आपली ताकद टिकवून धरते हे त्यात आधीच गृहीत धरलेले असते, आणि तेच तर तपासायचे आहे.

आपल्या धरणात काळ्या मातीचे हार्टिंग (पाणी अडवणारा मधला गाभा), मुरमाचे केसिंग (त्याच्या दोन्ही बाजूंचा भराव) आणि हार्टिंगखाली कातळापर्यंत नेलेला खंदक अशी आपल्याकडची नेहमीची रचना आहे. काळी चिकणमाती द्रवरूप होत नाही, आणि चांगला दाबलेला मुरूमही होत नाही. पण खंदक फक्त हार्टिंगखाली खणला जातो. केसिंगखालचा नाल्याचा गाळ आणि वाळू बहुतेक वेळा वरवर साफ करून तशीच ठेवली जाते. आपल्या छेदचित्रात पाण्याकडच्या पायथ्याखाली दोन ते तीन मीटर जाडीचा ‘वाळूमिश्रित गाळ’ असा पट्टा दाखवला आहे आणि त्याची कोणतीही चाचणी नोंदलेली नाही. संपूर्ण योजनेत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या पट्ट्याची. तिथे दर २० ते २५ मीटरवर बोअर घेऊन प्रमाण भेदन चाचणी (ठोके देऊन नळी किती खोल जाते ते मोजण्याची चाचणी) करावी, गोटे लागले तर तो आकडा फसवा येतो म्हणून सोबत कर्तन लहरींचा वेगही मोजावा, आणि आयएस १८९३ च्या २०१६ च्या पहिल्या भागातील द्रवीकरणाची पद्धत लावावी. पट्टा सैल निघाला आणि दोन-तीन मीटरच जाडीचा असला, तर तो काढून मुरूम भरणे हा कोणत्याही चाचणीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. तो शंकास्पद असला, म्हणजे ना स्पष्ट सैल ना स्पष्ट घट्ट, तरच अबाधित नमुने काढून चक्रीय त्रिअक्षीय चाचणीपर्यंत (सर्व बाजूंनी दाबलेल्या नमुन्यावर पुन्हापुन्हा भार देण्याच्या चाचणीपर्यंत) जावे. अशा कामासाठी पुण्यात खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे; मार्गदर्शन आणि चाचण्यांसाठी आधी तिथेच विचारणा करावी.

पाया ठीक असल्याची खात्री झाल्यावर भराव किती खचेल याचे गणित न्यूमार्क यांच्या १९६५ च्या पद्धतीने करावे. उताराचा सरकणारा भाग कोणत्या प्रवेगाला घसरू लागतो ते काढायचे, आणि नोंदीतील त्या मर्यादेवरच्या प्रत्येक धक्क्यात तो किती सरकेल याची बेरीज करायची. इथे जमिनीचा प्रवेग न लावता धरणात वर जाताना वाढलेला प्रवेग लावावा, नाहीतर कोयनेचीच गफलत पुन्हा होईल. हे गणित पाण्याकडच्या बाजूसाठी जलाशय पूर्ण आणि अंशतः भरलेला असताना करावे, आणि अधोबाजूसाठी जलाशय पूर्ण भरून भरावातून पाझर स्थिर झाल्यावर. मिळालेले खचणे किती चालेल, हे दोन गोष्टींवरून ठरवावे. खचल्यानंतर माथा पुराच्या पातळीच्या वर पुरेसा राहिला पाहिजे, आणि हार्टिंगमागचा वाळूचा गाळणी थर सरकूनही अखंड राहिला पाहिजे. गाळणीची जाडी एक मीटर असेल आणि सरकणे अर्धा मीटर येत असेल, तर मी समाधानी राहणार नाही.

या धरणाच्या पोटातून जाणाऱ्या विमोचकाच्या (पाणी बाहेर सोडण्याच्या व्यवस्थेच्या) नळीबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. पुणेकरांना १२ जुलै १९६१ वेगळी सांगावी लागत नाही. त्या दिवशी पानशेत धरण फुटले, पण भूकंपाने नाही. विमोचकाच्या भागातील भराव खचत गेला आणि धरण गेले, आणि त्या पाण्याने खाली खडकवासलाही फोडले. भरावातून जाणारी ताठर नळी आणि तिच्याभोवतीची माती यांचे खचणे वेगवेगळे असते, आणि हादरे ही तफावत काही सेकंदांत वाढवतात. नळी पूर्णपणे कातळावर बसवावी, तिच्या सांध्यांत हालचालीला वाव ठेवावा आणि अधोबाजूच्या टप्प्यात नळीभोवती गाळणी गुंडाळावी. यापैकी पहिली आणि तिसरी बाब आपल्या चित्रांत नाही.

तपासणीच्या शेऱ्याला उत्तर देताना एक पद्धत पाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक चाचणीपूर्वी गणिताने काय अपेक्षित आहे ते आकड्यांत लिहून, तारीख घालून तपासनीसांकडे द्यावे: पाण्याचा काल इतका, लाट इतकी, स्टेजिंगच्या माथ्याचे विस्थापन इतके. चाचणीनंतर दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. फरक थोडा असेल तर त्या गणिताने चाचणीत न घेतलेल्या भूकंपांबद्दलही विश्वासाने बोलता येते. फरक मोठा असेल तर तो समजेपर्यंत पुढे जाऊ नये, मग प्रतिकृती हादऱ्यात टिकलेली असली तरी. चाचणी आधी आणि तिच्याशी जुळवलेले गणित नंतर, असा अहवाल आला तर तपासनीसांनी तो परत पाठवावा.

हादरे देण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. सुरुवात क्षीण, सर्व वारंवारता असलेल्या कंपनाने करावी आणि प्रतिकृतीची नैसर्गिक वारंवारता मोजावी. मग संकल्पनाच्या निम्म्या जोराचा भूकंप, पुन्हा तेच क्षीण कंपन, मग पूर्ण जोराचा, मग दीडपट. प्रत्येक टप्प्यानंतर वारंवारता मोजल्याने नजरेला न दिसणारे नुकसान कळते, कारण तडा गेला की ताठरपणा कमी होतो आणि वारंवारता खाली येते. टाकीच्या या चाचणीसाठी बंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेतील तीन मीटर बाजूचे, दहा टन पेलणारे पीठ आपल्या गरजेपेक्षा मोठेच आहे. लहान पीठ असलेल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही ही चाचणी नीट होऊ शकते, नोंद गाळण्याबद्दलची आणि पीठावरचा प्रत्यक्ष प्रवेग मोजण्याची या वरच्या दोन अटी पाळल्या जात असतील तर.

धरणाची उंची १० ते १५ मीटरच्या दरम्यान असल्याने माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर यांपैकी कोणतीही मर्यादा गाठली जात असेल, तर धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ त्याला लागू होतो. आपण साठा लिहिलेला नाही; तो पाहावा.

बांधकाम पूर्ण झाल्यावर टाकी पहिल्यांदा भरताना रिकामी, अर्धी आणि पूर्ण या तिन्ही अवस्थांत वारा आणि रहदारीने होणारी नैसर्गिक कंपने माथ्यावर संवेदक ठेवून मोजावीत. खर्च अगदी थोडा आहे. त्या तीन वारंवारता योजनेच्या नोंदवहीत टाकीच्या मापांबरोबर लिहाव्यात, म्हणजे कोयनेकडून पुढचा जाणवण्याजोगा धक्का आल्यावर त्याच ठिकाणी तेच मापन पुन्हा घेऊन स्टेजिंगमध्ये काही बदलले आहे का, हे सांगता येईल. धरणाच्या माथ्यावर आणि शेजारच्या कातळावर एक-एक प्रवेगमापक बसवण्याची तरतूद अंदाजपत्रकात आताच करावी. काम संपल्यानंतर तिच्यासाठी वेगळी मंजुरी मिळवणे कठीण जाते.